इन्सेन्टिव्ह: प्रोत्साहन, प्रलोभन की आणखी काही?

अनुवादी: चीनच्या सरकारी कारखान्यांवरचा एक अर्थशास्त्रीय लेख मराठीत करतेय. १९८० च्या दशकात व्यवस्थापकांना अधिकार मिळाले, त्यांनी कामगारांचे बोनस वाढवले, मुदतीच्या करारावर माणसं घेतली आणि उत्पादकता वाढली, हा ग्रोव्ह्ज, हाँग, मॅकमिलन आणि नॉटन या अर्थशास्त्रज्ञांचा १९९४ मधला निष्कर्ष. 'इन्सेन्टिव्ह'साठी मी सगळीकडे 'प्रोत्साहन' लिहिलं होतं. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून 'प्रलोभन' केलंय. आता वाक्य असं झालंय: 'प्रलोभन दिल्यावर कामगारांचे काम सुधारले.' जणू कुणीतरी त्यांना बिघडवलंच! आणि 'परफॉर्मन्स'ला कामगिरी म्हणू की कार्यमान?

सदाशिव_पेठी: प्रलोभन नकोच, त्यात लोभ आहे. पण प्रोत्साहनही पोकळ वाटतं. शाळेत पहिले तीन नंबर झाले की उरलेल्यांना 'उत्तेजनार्थ' मिळायचं. त्यानं कुणाचा अभ्यास वाढल्याचं मला आठवत नाही.

मासेखाऊ: आमिष म्हणा! मूळ अर्थ मांस, म्हणून तर निरामिष. गळाला लावायचं, मासा आपण होऊन येतो. अर्थशास्त्रज्ञांना नेमकं हेच म्हणायचं असतं, फक्त ते तसं लिहीत नाहीत.

गिरणगावकर: ताई, तुमचा खरा घोटाळा 'बोनस'मध्ये आहे. आमचे वडील गिरणीत होते. बोनस म्हणजे दिवाळीचे कपडे आणि उधारी फेडणं. १९६५ च्या कायद्यानं तोटा झाला तरी किमान बोनस देणं बंधनकारक केलं. आज तो ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाकाठी एक पगार. आमच्याकडे तो हक्क आहे. जास्त काम केल्याबद्दल मिळतो असं मराठी वाचकाच्या डोक्यातच येणार नाही.

अनुवादी: हे लक्षातच आलं नव्हतं. तिथेही आधी सगळे 'एकाच मोठ्या कढईतला भात' खात, असा वाक्प्रचार आहे.

सदाशिव_पेठी: आपल्याकडे त्याला पंगत म्हणतात. वाढप्यानं घाम गाळला काय नि बसून राहिला काय, पान सारखंच.

सेल्समन_नाशिक: एवढा काथ्याकूट कशाला? 'या महिन्याचा इन्सेन्टिव्ह बुडाला' हे आमच्या लाइनीत रोज म्हणतात. तोच शब्द ठेवा.

शुद्धमराठी: मग लेखच इंग्रजीत ठेवा की!

कांदेवाली: आमच्याकडे शब्द आहे: उक्तं, म्हणजे रोजावर नाही, पूर्ण कामाचे ठरलेले पैसे. कांदा लागवड रोजानं दिली तर चारदा चहा होतो आणि वाफा संपता संपत नाही. एकरावर उक्ती दिली की त्याच बाया तीन वाजता हात धुऊन मोकळ्या. फक्त मागून फिरून बघावं लागतं, रोपं उथळ लावलेली असतात, पहिल्या पाण्याला निम्मी आडवी. माझ्या मते उक्तं हे 'उक्त'वरून, म्हणजे तोंडी ठरवलेलं.

परभणीकर: आमच्याकडं गुत्तं. गुत्त्यानं दिलं, गुत्तेदार आला. शेजारच्या कन्नडात गुत्तिगे आहे. आणि तुमचं 'उक्त' हे ओढूनताणून वाटतंय, पुरावा द्या.

मासेखाऊ: म्हणजे दारूचा गुत्ता पण तोच?

परभणीकर: तोच. विक्रीचा मक्ता घेतला तो गुत्ता. पुढं मक्ता गेला, दुकानाला नाव राहिलं.

खंडकरी_नातू: उक्तं-गुत्तं मजुरीला ठीक. पण चीनची गोष्ट शेतापासून सुरू झाली, कारखान्यापासून नाही. १९७८ मध्ये आन्ह्वेई प्रांतातल्या श्याओगांगच्या १८ कुटुंबांनी सामुदायिक जमीन चोरून वाटून घेतली, कागदावर अंगठे उठवले. म्होरक्या तुरुंगात गेला तर त्याची पोरं बाकीच्यांनी सांभाळायची, हेही ठरलं. सरकारचा ठरलेला वाटा द्यायचा, वर पिकेल ते आपलं. याला आमचे आजोबा खंड म्हणत. मॅकमिलन, व्हॅली आणि झू यांच्या हिशेबात १९७८ ते ८४ मधल्या शेतीच्या उत्पादकतावाढीतला ७८ टक्के वाटा या पद्धतीचा होता, उरलेला वाढीव भावांचा.

शुद्धमराठी: खंड जमीनमालकाला देतात. तिथे मालक कोण होता?

खंडकरी_नातू: जमीन समूहाची होती. आमच्याकडेही मालक कधी शेतावर दिसला नाही, दरवर्षी कारकून यायचा.

कांदेवाली: खंडात पीक बुडालं तर कुळ बुडतं. अर्धेलीत पीक निम्मं-निम्मं वाटायचं असतं, निदान मालकही बुडतो.

अनुवादी: लेख उद्या द्यायचाय. कामगिरी की कार्यमान?

परभणीकर: कांदेवाली ताई, 'उक्त'चा पुरावा राहिलाच बघा.