मास्टरक्लासमध्ये फायदा कोणाचा? वाजवणाऱ्याचा की गप्प बसून ऐकणाऱ्याचा?

सहावी तार

पुण्यात एरंडवण्यात एका बंगल्याच्या तळमजल्यावर नुकताच ब्लूज गिटारचा छोटा मास्टरक्लास झाला. शिकवणारे सर पोटापाण्यासाठी ब्लूजच वाजवतात. क्लब, फेस्टिव्हल, रेकॉर्डिंग, सगळं. समोर आम्ही दहा-बारा जण. त्यातल्या चौघांनी एकेक करून वाजवायचं, सरांनी तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, बाकीच्यांनी बघायचं. मी बाकीच्यांत होतो. संपल्यावर गेटपाशी एकच कुरकुर चालली होती: पैसे सगळ्यांनी सारखेच भरले आणि वाजवलं चौघांनी. माझं मत उलटं आहे. त्या दुपारी जास्त कमाई न वाजवणाऱ्यांची झाली.

पहिला मुलगा बसला. ए मध्ये शफल (ब्लूजचा झुलता ठेका) सुरू झालं आणि याने पाचव्या फ्रेटवरची (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची पट्टी) मायनर पेंटॅटॉनिक ही पाच स्वरांची सरगम वरून खाली, खालून वर पळवली. हात तयार होता, प्रश्नच नाही. सरांनी थांबवलं. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा डी खेचून ई पर्यंत न्यायला सांगितलं, म्हणजे पूर्ण एका स्वराचा बेंड. त्याने नेला. मग सर म्हणाले, आता त्याच तारेवर नववा फ्रेट नुसता वाजव. तो असली ई. दोन्ही एकामागून एक वाजले आणि बेंड वरपर्यंत पोचलेलाच नाही, हे अख्ख्या खोलीला कळलं. त्या मुलाला सोडून! त्याचं लक्ष बोटात, घामात आणि समोर बसलेल्या आमच्यात. परत खेचला, परत कमी. आम्ही बाजूला बसून तो फरक ऐकत होतो, आणि दर वेळी सरांचा अंगठा गिटारच्या मानेवरून कसा येतो, खेचणाऱ्या बोटाला मागच्या दोन बोटांचा टेकू कसा मिळतो, जोर बोटात नसून मनगट फिरण्यात कसा आहे, हेही बघत होतो. घरी आल्यावर गिटार काढून मी पहिलं काम तेच केलं. नववा फ्रेट, मग बेंड.

दुसऱ्याला तर त्यांनी गप्प बसायला शिकवलं. दोन बार (चार-चार मात्रांचे तुकडे) वाजव, दोन बार हात उचल. ब्लूजचा मोठा गायक-गिटारवादक बी. बी. किंग गाताना गिटार वाजवायचा नाही. गाण्याची ओळ संपली की गिटार तिला उत्तर द्यायची. हे वाचलेलं सगळ्यांनी असतं. पण चांगला वाजवणारा माणूस दोन बार रिकामे सोडताना कासावीस होतो, हे समोर बघितल्यावर त्याचा अर्थ लागला.

ही पद्धत रुळली ती फ्रान्झ लिस्टच्या वायमारमधल्या पियानोच्या वर्गांमुळे, १९व्या शतकात. तिथेही एकाने वाजवायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मला वाटतं, मास्टरक्लास हा मुळात ऐकणाऱ्यांसाठीच असतो, वाजवणारा निमित्त. पटतंय का?

बॅकिंग ट्रॅक

अजिबात नाही.

मी बाणेर-कोरेगाव पार्कात वीकेंडला वाजवतो. बेंड कमी पडतोय हे 'कळणं' आणि बोटाला तो ई सापडणं यात काही महिन्यांचा सराव असतो, आणि तो तुमच्या खुर्चीत बसून होत नाही. त्या मुलाला त्या क्षणी ऐकू आलं नसेल, कबूल. पण सरांनी त्याच्या हाताला हात लावून मनगट फिरवलं असेल ना? ते त्याच्याबरोबर घरी गेलं. तुमच्याबरोबर एक छान निरीक्षण गेलं.

शिवाय ब्लूज हे काही शांत खोलीतलं संगीत नव्हे. ब्लूजवाला मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीतून शिकागोला आला आणि एक-दोन वर्षांत त्याला इलेक्ट्रिक गिटार घ्यावी लागली, कारण तिथल्या क्लबांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकूच जाईना. माणसं पितायत, बोलतायत, ड्रमर पुढे पळतोय, अशात तुम्हाला ब्लूजचं बारा बारांचं आवर्तन सांभाळायचं असतं. चार बार ए, दोन बार डी, दोन परत ए, मग ई, डी आणि शेवटचे दोन बार ए. कागदावर तिसरीतलं पोरही पाठ करेल. माझ्या बँडमध्ये चांगले शिकलेले लोक नवव्या बारला हरवलेले मी पाहिले आहेत. ऐकून हे येत नाही. वाजवताना हरवायचं आणि बाकीच्यांकडे बघत परत यायचं, एवढाच इलाज.

चौघांनाच वाजवायला देणं ही आयोजकांची सोय. त्याला तत्त्वज्ञान कशाला चिकटवायचं?

पेठेतला पाहुणा

मूळ प्रश्न बाजूलाच राहिला: जायचंच कशाला?

एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स ही इंग्लंडमधली गिटारवाली मंडळी कुठल्या मास्टरक्लासला गेली होती? १९६१ साली मिसिसिपीच्या रॉबर्ट जॉन्सन या ब्लूजवाल्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची एलपी निघाली, तो माणूस मरून तेवीस वर्षं झाली होती. ती तबकडी घासून घासून इंग्लंडमधली पोरं शिकली. समोर गुरू नाही, हात दिसत नाही, कुठल्या फ्रेटवर वाजवलंय हेसुद्धा कळायची सोय नाही. आणि खुद्द जॉन्सनही लेरॉय कार, कोकोमो आर्नल्ड या ब्लूजवाल्यांच्या तबकड्यांतून उचलतच होता. आज हात दिसतो, वेग निम्मा करता येतो, तोच तुकडा शंभर वेळा फुकट बघता येतो. तरी आपण दोन-अडीच हजार भरून एका दुपारी चार अनोळखी पोरांच्या चुका बघायला जातो आणि वर म्हणतो, आम्हालाच जास्त मिळालं! पैसे भरले की माणसाला काहीतरी मिळतंच, एरवी झोप लागत नाही.

बॅकिंग ट्रॅक

हाहा, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

तानपुऱ्यामागे

मी गाणं शिकते, गिटार नाही, तरी लिहिते. धागाकर्त्याचं म्हणणं आमच्याकडे नवं नाही. गुरूंच्या मागे तानपुरा धरून बसलेली माणसं वर्षानुवर्षं दुसऱ्याची तालीम ऐकत असतात. समोरच्या शिष्येला पंधरा वेळा सांगूनही न उतरलेली जागा मागे बसलेलीच्या गळ्यात आपसूक येते, हे मी पाहिलेलं आहे. पण यातला 'वर्षानुवर्षं' हा भाग सोडून चालत नाही. एकाच गुरूचं तेच ते ऐकून कान बनतो. एका दुपारीत फार तर कुतूहल जागं होतं. चांगली गोष्ट आहे, पण तिला तालीम म्हणू नका.

आणि पुण्यात ऐकणाऱ्यांची कॉलर आधीच ताठ आहे हो. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव ऐकणारं हे गाव. तानसेन झालो नाही तरी कानसेन आहोत, या वाक्यावर इथे पिढ्या रिटायर झाल्या. माझी भीती अशी की गिटारवाल्यांतही आता तोच वर्ग तयार होईल, चौथ्या रांगेत बसून दुसऱ्याचा बेंड किती कमी पडला ते सांगणारा.

अवांतर: मायनर पेंटॅटॉनिक म्हणजे आपला धानी रागच, असं त्या वर्गात कोणी म्हणालं का? कोणीतरी म्हणतंच.

सहावी तार

@तानपुऱ्यामागे: म्हणाले ना! तिसऱ्याच मिनिटाला. 😀

@बॅकिंग ट्रॅक: हाताला हात लावला हे खरं. पण दुसऱ्या सत्रात सरांनी त्याच मुलाला परत बेंड करायला लावला तेव्हा तो पुन्हा खालीच राहिला. हाताबरोबर काय घरी गेलं ते तोच जाणे. नवव्या बारला हरवण्याचं मात्र मान्य.

तानपुऱ्यामागे

मग तेवढं लिहूनच टाकते. सा, कोमल ग, म, प, कोमल नि, हे स्वर सारखे आहेत, इथपर्यंत ठीक. पण तुमच्या ए सेव्हन कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असतो आणि गिटारवाला त्याच्यावर कोमल गंधार लावतो, तोही नेमका कोमल नाही, किंचित वर ढकललेला, दोघांच्या मधला कुठलातरी. ही खाली-वर चाललेली भांडाभांडी हाच ब्लूजचा जीव आहे. आमच्या जोग रागात दोन्ही गंधार आहेत, शुद्ध चढताना आणि कोमल उतरताना, म्हणून जोग ऐकताना पुष्कळांना ब्लूज आठवतो. पण दोन्ही गंधार एकाच क्षणी आमच्याकडे येत नाहीत. आणि धानीत तर एकच गंधार. स्वरांची यादी जुळली म्हणून नातं लावू नये.

तसंच बारा बार म्हणजे एकताल, हेही कृपया कोणी लिहू नका. बारा बार म्हणजे चार-चारच्या हिशोबाने ४८ मात्रा होतात.

कोथरूडचा केरवा

मी तेच लिहिणार होतो. पुसतो.

अठ्ठ्याहत्तर आरपीएम

@पेठेतला पाहुणा, जॉन्सनचं नाव काढलंत म्हणून. तबकड्यांतून उचलत होता हे बरोबर, पण गोष्ट अर्धीच सांगितलीत.

सुरुवातीला तो सन हाउस आणि विली ब्राउन हे ब्लूजवादक वाजवत तिथे जाऊन बसायचा. त्यांनी जरा विश्रांती घेतली की त्यांचीच गिटार उचलून वाजवायचा आणि लोक वैतागायचे, हे खुद्द सन हाउसनेच सांगितलं आहे. मग तो काही काळ गायब झाला आणि परत आला तो थक्क करणारं वाजवत. त्यावरच पुढे चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची दंतकथा चिकटली. प्रत्यक्षात तो मधला काळ त्याने आयक झिमरमन नावाच्या एका वादकाच्या घरी काढला. दोघं रात्री कबरस्तानात जाऊन वाजवायचे, कारण तिथे कोणाला त्रास नाही, असं झिमरमनच्या मुलीने सांगितलं आहे. झिमरमनचं स्वतःचं एकही ध्वनिमुद्रण नाही. जॉन्सनची १९३६ आणि १९३७ या दोन वर्षांतली २९ गाणी राहिली.

म्हणजे दंतकथेने काय केलं बघा: समोर बसून शिकवणारा माणूसच पुसून टाकला आणि त्याच्या जागी सैतान बसवला. 'मी कोणाकडे गेलो नाही, तबकडीवरून शिकलो' हीसुद्धा त्याच घराण्यातली कथा आहे.

पण धागाकर्त्यालाही हे सोयीचं नाही. सन हाउसला नुसतं ऐकून, बघून जॉन्सन बिघडलेलाच राहिला होता. सुधारला तो झिमरमनबरोबर बसून वाजवल्यावर.

पेठेतला पाहुणा

झिमरमनने फी किती घेतली तेवढं सांगा.

हडपसरहून येणारी आई

मी त्याच वर्गाला होते. वाजवणाऱ्या चौघांपैकी एक माझा मुलगा, सोळा वर्षांचा. त्याला सोडायला गेले आणि रस्त्यावरच्या खोदकामाचा विचार करून परत न जाता मागे खुर्चीवर बसून राहिले. (आयोजकांनी चहा दिला, पैसे घेतले नाहीत.)

माझा मुलगा म्हणजे दोन बार रिकामे न सोडता येणारा तो. घरी येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं खचला. रात्री विचारलं तेव्हा कळलं की सर काय म्हणाले ते त्याला धड आठवतच नव्हतं. 'वेगात वाजवू नको' एवढंच डोक्यात राहिलं होतं. सर तसं म्हणालेच नव्हते. वेगाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मीच त्याला सांगितलं: पायाने ठेका चालू ठेव, हात उचल, आणि मागचं वाक्य संपलं का ते ऐक, असं म्हणाले होते. म्हणजे धागाकर्ते म्हणतात ते आमच्या घरात तरी खरं ठरलं.

पण दुसरी बाजूही आमच्याच घरात आहे. मला संगीतातलं काही कळत नाही, तरी आता शेवटचे दोन बार आले की कळतं, तिथे गिटार वळण घेते आणि परत पहिल्याला येते. मला कळतं आणि माझा उपयोग शून्य. त्याला तेव्हा कळलं नाही, पण तो आता रोज संध्याकाळी दोन बार वाजवतो आणि दोन बार थांबतो. थांबतो तेव्हा शेजारचे बाल्कनीत येऊन बघतात, संपलं का म्हणून. तुम्हाला ऐकू जास्त आलं असेल, पण अख्ख्या खोलीसमोर लाज त्याला वाटली होती, आणि रोज गिटार उचलायला लावते ती लाजच.

एक सूचना: वाजवणाऱ्यांच्या आईवडिलांना मागे बसू द्या आणि लिहून घेऊ द्या. रेकॉर्डिंगला बंदी होती ती मला आवडली, नाहीतर सगळे मोबाईल धरून बसले असते.

बॅकिंग ट्रॅक

धाग्यातला सर्वात कामाचा प्रतिसाद. पण रेकॉर्डिंगबंदीवर असहमत. ज्याला दुरुस्त केलं त्याला तरी त्याचा आवाज मिळायला हवा. नुसता ऑडिओ, वीस मिनिटांचा, फक्त त्याच्यासाठी. मुलाला काही आठवत नव्हतं हे तुम्हीच लिहिलंय. प्रत्येकाबरोबर ऐकणारी आई नसते.

सहावी तार

हे पटलं. चौघांना त्यांच्या त्यांच्या सत्राचा ऑडिओ देता येईल का, असं आयोजकांना विचारतो.

@अठ्ठ्याहत्तर आरपीएम: सन हाउसकडे बसून जॉन्सन ऐकत कुठे होता? गिटार हिसकावून वाजवत होता, असं तुम्हीच लिहिलंत. तो दोन बार गप्प बसला असता तर पुढे काय झालं असतं कोणास ठाऊक. माझा मुद्दा शाबूत आहे.

अठ्ठ्याहत्तर आरपीएम

वकील व्हायला हवं होतं तुम्ही.

तानपुऱ्यामागे

फीचं मात्र पेठेतल्या पाहुण्यांचं बरोबर आहे. परदेशात मास्टरक्लासला ऐकणाऱ्यांची खुर्ची बहुतेक ठिकाणी स्वस्त असते. इथे सगळ्यांना एकच दर लावला म्हणूनच ती गेटपाशी कुरकुर झाली. ऐकणाऱ्याला जास्त मिळतं असं म्हणत त्याच्याकडून वाजवणाऱ्याइतकेच पैसे घेणं हा युक्तिवाद आयोजकांना फार आवडेल, म्हणून जपून.

सहावी तार

दोन दर ठेवायला माझी हरकत नाही. पुढचा वर्ग पावसाळ्यानंतर घ्यायचं चाललंय, स्लाइडवर (तारेवर नळी घसरवत वाजवण्यावर). तेव्हा आयोजकांना हेही सांगतो. कोणाची नावं द्यायची असतील तर इथेच लिहा.

कोथरूडचा केरवा

वाजवणाऱ्यांत लिहा. धानी म्हणणार नाही, शब्द देतो.

पेठेतला पाहुणा

ऐकणाऱ्यांत. दर अर्धा असेल तरच. आणि आईवडिलांना फुकट असेल तर मी कोणाचाही काका व्हायला तयार आहे.