पत्रकावर ‘बेली डान्स’ लिहायचं की ‘फिटनेस’?

पुतळीमाळ (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. प्रश्न लांबणार आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही.

मी ४३ वर्षांची, एका पतसंस्थेत नोकरी करते. लहानपणी आठ वर्षं कथक शिकले, लग्नानंतर सुटलं. सहा वर्षांपूर्वी पुण्यात एका कार्यशाळेत बेली डान्स पाहिला आणि तिथंच जीव अडकला. पुढची दोन वर्षं दर रविवारी पहाटेच्या एसटीनं पुण्याला जाऊन शिकले. आता शनिवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवरच्या खोलीत सहा बायकांना शिकवते. कमरेला बांधायची नाण्यांची ओढणी बाहेरून मागवली तर फार महाग पडते. म्हणून गुजरीतून खोट्या पुतळ्या आणल्या आणि एक एक करून स्वतः शिवल्या. दोनशे दहा आहेत. कंबर हलली की त्यांचा आवाज पुतळीहारासारखाच येतो.

पुढच्या महिन्यात एका महिला मंडळाच्या मेळाव्यात मला १५ मिनिटं मिळालीत. आयोजक ताई मनानं चांगल्या आहेत, आपणहून बोलावलं. पण परवा फोन आला: “पत्रकावर ‘महिलांसाठी फिटनेस डान्स’ टाकते. टी-शर्ट आणि लेगिंग घाल, पोट दिसायला नको. आणि ते कमरेचं जरा कमी कर.”

कमरेचं कमी केलं तर मागं राहतं काय? या नाचात अख्खं अंग एकदम हलत नाही. छाती थांबलेली असते आणि कंबरच बोलते, कंबर थांबते आणि खांदे बोलतात. डरबुक्याचा (तिकडचं हातानं वाजवायचं तालवाद्य) ‘दुम’ पडला की कंबर खाली आणि ‘तक’ आला की वर. सनईसारखं वाद्य लांब सूर लावतं तेव्हा पोटातून हळू लाट जाते. ही लाट नीट यायला मला चौदा महिने लागले.

याला वाईट म्हणणारे मला भेटलेत, त्यांचं मी ऐकून घेते. त्यापेक्षा जास्त लागतं ते “व्यायाम म्हणून छान आहे हो” हे. त्यात गृहीत धरलेलं असतं की आत काहीतरी लाजेचं आहे आणि व्यायामाचं पांघरूण घातलं की ते चालेल. कंबर सुटते, पाठ सुधारते, हे सगळं खरं आहे. पण मी त्यासाठी नाचत नाही. या नाचात शृंगार आहे आणि मला तो हवा आहे. कथकात ठुमरीवर भाव करताना मी संकोचले की आमच्या बाई म्हणायच्या, “लाज नायिकेला आहे, तुला नको.” तिथं तो शृंगार कला ठरतो. मग इथं का नाही?

नाव बदलून हा नाच विकायची ही पहिली वेळ नाही. इजिप्तमध्ये त्याला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. ‘पोटाचा नाच’, म्हणजेच बेली डान्स, हे नाव फ्रेंचांचं. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ‘कैरोची गल्ली’ उभारली होती, तिथून ते अमेरिकेत गाजलं, कारण त्या नावानं गर्दी व्हायची. तेव्हा गर्दी ओढणारं नाव लावलं, आता गर्दीला न बिचकवणारं लावायचं. नाचणारीला कुणी दोन्ही वेळा विचारलं नाही.

घरचंही सांगते. सासूबाई (आम्ही आत्ती म्हणतो) कागलकडच्या, वय ७४. पहिलं वर्षभर मी सराव करताना दार ओढून घ्यायच्या. एकदा दारातच उभ्या राहिल्या आणि विचारलं, “बघणाऱ्यानं बघायचं कुठं गं? पोटाकडं का हाताकडं?” मला उत्तर देता आलं नाही. आठवडाभर विचार केला आणि मग त्यांना सांगितलं, आवाज जिथं जाईल तिथं बघायचं. त्या म्हणाल्या, “मग डोळं मिटूनबी बघतो की मी.” तेव्हापासून दार उघडं असतं.

तर विचारायचं हे: ‘फिटनेस’ मान्य करून पाय रोवावा आणि पुढं हळूहळू खरं सांगावं? की आत्ताच नाही म्हणावं? लावणी, नाटक, तमाशा यातलं कुणी असेल तर जरूर लिहा.

निवृत्त_मास्तर (शिवाजी पेठ)

ताई, मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, तरी मी आयोजक बाईंच्या बाजूनं लिहितोय.

प्रेक्षक ठुमरी ऐकत वाढला असेल तर त्याला शृंगार कळतो. बेली डान्स मात्र आपल्याकडच्या लोकांनी कुठं पाहिलाय? सिनेमातल्या खलनायकाच्या अड्ड्यावर, नाहीतर हॉटेलच्या जाहिरातीत. तेच डोळे घेऊन तो तुमच्यासमोर बसणार. आणि खरी भीती सभागृहातल्या बायकांची नाहीच. कुणीतरी मोबाईलवर पंधरा सेकंदं टिपणार, नेमकी पोटाची, खाली भलता मजकूर घालून पाठवणार. माझ्या एका विद्यार्थिनीच्या गणपतीतल्या नाचाचं असं झालं होतं. पोरीनं दोन महिने कॉलेजचं तोंड पाहिलं नाही.

नाव काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. पण अंबाबाईच्या देवळाबाहेर चपला ठेवून बिल्ला घेतो तसा दारात मोबाईल ठेवून बिल्ला द्या. हे झाल्याशिवाय नाचू नका एवढीच विनंती.

ढोलकी_तुणतुणं

ताई, माझी आई संगीतबारीत, म्हणजे लावणीच्या बारीत, नाचली, मी ढोलकी वाजवतो. म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजतो.

कपड्यांचं म्हणाल तर लावणीवाली नऊवारीत घोट्यापर्यंत झाकलेली असते. डोक्यावर पदर, दंडापर्यंत चोळी, पायात पाच-पाच किलोचे चाळ. एवढं झाकूनसुद्धा माझ्या आईला गावात पाणी वरून वाढायचे. तेव्हा कापडाचा मुद्दा माझ्यापुढं कुणी काढू नये. त्रास कशाचा होता ते मी लहानपणापासून बघितलंय. बाई स्वतःच्या अदाकारीवर पैसे मिळवते आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा देते, हे लोकांना पचत नव्हतं.

पाटी बदलायचा खेळही आमचा जुना आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली. ती उठली ती अटी घालून, आणि फडांच्या पाट्यांवर ‘लोकनाट्य’ आलं. पोट भरायला ते करावंच लागलं, त्या माणसांना मी नावं ठेवणार नाही. पण आत काय झालं? बैठकीची लावणी मागं पडली. बसून, नुसत्या भुवईवर आणि बोटांवर एकाच ओळीचे दहा अर्थ दाखवायचे, ती खरी अवघड विद्या. यमुनाबाई वाईकरांनी ती जन्मभर धरून ठेवली आणि त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ साली, नव्वदी ओलांडल्यावर. सोवळं करून घेतलं की पहिली जाते ती बारीक कामाची गोष्ट. उड्या राहतात.

दुसरी बाजूही सांगतो. पुढं खास बायकांसाठी लावणीचे प्रयोग सुरू झाले तेव्हा मी साथीला होतो. पहिल्या प्रयोगाला आम्ही घाबरून गेलो होतो. मध्यंतरापर्यंत बायका गप्प बसलेल्या. नंतर एका साठीच्या बाईनं शिट्टी मारली आणि पुढं दोन तास थिएटर डोक्यावर. आई विंगेत उभी होती, रडत होती. तिला बायकांकडून शिट्टी कधी मिळाली नव्हती.

‘फिटनेस’ लिहू नका. आणि एक विचारतो, तुमचं ते ‘दुम-तक’ ध्वनिफितीवरच वाजतं का? ठेका लिहून पाठवा. ढोलकीवर धरून बघतो.

नाईलकाठ

अगं, मी नवऱ्याच्या नोकरीमुळं कैरोत सात वर्षं राहिले, माहेर माझं इचलकरंजीचं. तिथं सगळं मोकळं असेल असं आपल्याला वाटतं, तसं नाहीये. लग्नात नाचणारी बोलावतात, नवरा-नवरी तिच्यासोबत फोटो काढतात, आज्यासुद्धा उठून कंबर हलवतात. पण आपली मुलगी व्यवसायानं नर्तकी व्हावी असं कुणालाच नको असतं. आमच्या शेजारीण अरबीत जे म्हणायच्या ते आपल्याकडच्या कुठल्याही आजीनं म्हटलं असतं.

आणि हे आजचं नाही. १८३४ साली इजिप्तचा तेव्हाचा शासक मुहम्मद अली यानं घवाझी म्हणवणाऱ्या नर्तकींना कैरोतून हाकलून वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, इजिप्तला पाठवलं होतं. त्या बायका लांब अंगरख्यात नाचायच्या. चमचमती चोळी आणि खाली घागरा, हा आपण ‘पारंपरिक’ समजतो तो पोशाख कैरोच्या नाइटक्लबमधला, गेल्या शतकातला. बदिया मसाबनी या बाईंनी १९२६ मध्ये स्वतःचा क्लब काढला, तहिया कारिओका आणि सामिया गमाल या गाजलेल्या नर्तकी तिथूनच पुढं आल्या. नंतर सरकारनं पोट झाकायचा नियम केला, तर नर्तकी पातळ जाळी लावून नाचू लागल्या. १९५९ मध्ये महमूद रेदांनी नृत्यमंडळी काढली, लोकनृत्य म्हणून रंगमंचावर नेलं, आणि चांगल्या घरच्या मुली त्यात आल्या. म्हणजे तिथंही ढोलकीदादांच्या ‘लोकनाट्या’सारखंच झालं.

मला स्वतःला रेदांची नृत्यं फार आवडतात. पण तहिया कारिओका जुन्या कृष्णधवल चित्रपटात जागची न हलता नुसती हसते आणि कंबर एकदाच वळवते, ते पाहिलं की बाकी सगळं फिकं पडतं. तुला ते करायचं असेल तर टी-शर्टात होणार नाही.

शनिवारची_एक

ताई, मी तुमच्या सहा जणींतली. नाव लिहीत नाही, कारण गेल्या महिन्यापासून मी का येत नाही ते तुम्हाला माहीत आहे.

माझे दोन सिझर झालेत. अकरा वर्षं मी माझ्या पोटाकडं आरशात बघितलं नव्हतं. साडी अशी नेसायची की दिसू नये. तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात, हात पोटावर ठेवा आणि श्वास कुठंपर्यंत जातो बघा. मी घरी जाऊन न्हाणीघरात रडले. वजन काडीचं कमी झालं नाही माझं, त्यामुळं फिटनेस वगैरे माझ्या नवऱ्याला सांगू नका, तो वजनकाटा आणून दाखवेल.

मेळाव्याला मी येणार आहे. नवऱ्याला पण सांगून येणार आहे.

पुतळीमाळ

सगळ्यांना उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण मधे आयोजक ताईंकडं जाऊन आले. तुमचं लिहिलेलं त्यांना मोबाईलवर वाचून दाखवलं. शनिवारची_एक, तुझं वाचताना त्या उठून आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या, बराच वेळ बोलल्या नाहीत.

पत्रकावर आता ‘रक्स शर्की : इजिप्तचा बेली डान्स’ असं छापायला गेलंय. मास्तर, मोबाईलचं तुमचं शंभर टक्के ऐकलं. दारात पिशव्या आणि बिल्ले, माझ्या दोन भाच्या बसतील. तुमच्या त्या विद्यार्थिनीचं वाचून मला झोप लागली नव्हती.

पोशाखावर मात्र ताई अजून राजी नाहीत. मी त्यांना म्हटलं, आपण दोघी साडीत बसलोय, दोघींचं पोट दिसतंय, आणि चहा घेतोय. त्या हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत. मी असं ठरवलंय: पहिला नाच सईदी, काठी घेऊन, पायघोळ अंगरख्यात. वरच्या इजिप्तमधले पुरुष काठीचा खेळ खेळतात आणि बायका तीच काठी हातात घेऊन डौलात फिरवतात. मर्दानी खेळ बघत वाढलेल्या कोल्हापूरच्या बायकांना हे सांगावं लागणार नाही. दुसरा नाच नुसत्या तालवाद्यावर, चोळी, घागरा आणि पुतळ्यांची ओढणी. तो नको असेल तर मी पहिलाही करणार नाही, हे त्यांना सांगितलंय. बुधवारी कळवतात.

ढोलकीदादा, ठेका मकसूम, आठ मात्रा : दुम तक – तक दुम – तक –. मधल्या रेघा रिकाम्या सोडायच्या, तिथंच कंबर थांबते. काल आत्तींसमोर तोंडानं म्हणून नाचले तर त्या म्हणाल्या धुमाळी तालाच्या जवळचं वाटतंय. गुरुवारी सातनंतर मी घरी असते. चौथा मजला, लिफ्ट नाही, ढोलकी वर आणायला माझा मुलगा खाली येईल.