टकरसॉफ्टचा मोहन ठाकूर उगाच बदनाम झाला?

अर्धाकच्चा_कोडर
(रसभंग होईल. ‘बॅन्डरस्नॅच’, म्हणजे पात्राने पुढे काय करायचं ते प्रेक्षकाने रिमोटने निवडायचा चित्रपट, पाहिला नसेल तर पुढे वाचू नका. पाहायचा म्हटला तरी नेटफ्लिक्सने मे २०२५मध्ये तो काढूनच टाकलाय म्हणा.)

‘ब्लॅक मिरर’ मालिकेतल्या या चित्रपटातली टकरसॉफ्ट म्हणजे १९८४च्या लंडनमधली गेम कंपनी. मालक मोहन ठाकूर. एकोणीस वर्षांचा स्टीफन गेमचा डेमो घेऊन येतो आणि मोहन जागच्या जागी म्हणतो, इथेच बस, टीम देतो, ख्रिसमसला दुकानात आणू. आपण ‘हो’ निवडलं की गेमला टीव्हीवरच्या परीक्षणात पाचपैकी शून्य. म्हणजे चूक मोहनची! पण वेडाची झाक हवी, ती एकाच डोक्यातून येते, हे त्या पोराच्या मनात भरवतो कोण? कॉलिन, टकरसॉफ्टचाच नावाजलेला गेम लिहिणारा. त्याला आपण डोक्यावर घेतो आणि पगार, खुर्ची, चार माणसं देणारा शेठ वाईट. माझ्या पहिल्या नोकरीत मला असा शेठ मिळाला असता तर पाय धुतले असते.

सदाशिव_पेठी_मांजर
पाय धुवा, पण तारीख कोण ठरवतो तेही बघा. सप्टेंबरात गेम हातात पाहिजे, हे मोहनचंच. पोरगं घरी एकटं, झोप उडालेली, गोळ्या चालू, आणि हा विचारतो काय? झाला का. ‘ख्रिसमसला दुकानात’ हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याला विचारा. आमच्याकडे त्याची जागा दिवाळीने घेतली होती, एवढाच फरक.

अर्धाकच्चा_कोडर
अहो, कॅसेटचा धंदा होता तो. स्पेक्ट्रम ४८के हा तेव्हाचा घरगुती कॉम्प्युटर, गेम टेपवर, लोड होताना ती कर्कश किरकिर. दुकानात डिसेंबरात माल नसेल तर जानेवारीत कोण घेणार? तारीख त्याने हौसेने नाही ठेवली.

टेपरेकॉर्डर८४
खरी गोष्ट कुणीच काढली नाही? लिव्हरपूलला इमॅजिन सॉफ्टवेअर नावाची कंपनी होती. तिच्या रखडलेल्या ‘मेगागेम’चं नाव बॅन्डरस्नॅच, आणि तो कधीच आला नाही. ९ जुलै १९८४ला कंपनी बुडाली आणि चित्रपटही त्याच दिवशी सुरू होतो. वर बीबीसीचा कॅमेरा आधीपासून आत, माहितीपट काढायला आलेला! तिथे टीम होती, जाहिराती होत्या, उंची गाड्या होत्या. नव्हता तो गेम. तेव्हा ऑफिस दिलं म्हणून सगळं सुरळीत झालं असतं, हे काही मला पटत नाही.

अर्धाकच्चा_कोडर
इमॅजिनने जगभर गाजावाजा केला, मोहनने एका पोराला टेबल दिलं. एवढ्यावरून त्याच माळेत ओवताय?

नऊवारी_निन्जा
तुम्ही दोघंही मोहनवरच अडलात. मला चीड येते ती लेखकाची. गेमला पाचपैकी पाच मिळतात कधी? पोरगा बापाला मारून तुकडे करतो त्या वाटेवर! आणि चार माणसांत बसून केलेल्या कामाला शून्य. कलावंत वेडा झाल्याशिवाय थोर होत नाही, हीच जुनी भाकडकथा. टकरसॉफ्ट नुसती नेपथ्याला.

सदाशिव_पेठी_मांजर
भाकडकथा नाही, टोमणा आहे तो. ते पाच तारे बघून तुम्हाला किळस आली ना? आलीच पाहिजे. आणि रिमोट आपल्या हातात होता, ‘तुकडे करा’ हे आपण दाबलं.

नऊवारी_निन्जा
मी नाही दाबलं. मी ‘पुरून टाका’ हे दाबलं. 😐

कोकणचा_पाहुणा
जरा विषयांतर. आडनाव ठाकूर, कंपनी टकर. गोऱ्यांना जमेना म्हणून ठाकूरचंच टकर केलं असावं असं मला वाटतं. साहेबाच्या जिभेला आमची गावंही कुठे जमली होती!

टेपरेकॉर्डर८४
हे आवडलं. आणि अर्धेकच्चे, तुमच्या बाजूचा एक मुद्दा देऊन टाकतो: ‘ब्लॅक मिरर’च्याच २०२५च्या ‘प्लेथिंग’ या भागात १९९४ साल आहे, आणि मोहन अजून आहे, कॉलिनही अजून तिथेच. कॉलिनचं डोकं मध्यंतरी फिरलेलं, तरी शेठने त्याला बाहेर काढलेलं नाही.

सदाशिव_पेठी_मांजर
काढेल कशाला? गेम कोण लिहिणार मग, मोहन?