भरदिवसा शुक्र आणि स्पेस स्टेशन: नजरेत का येत नाहीत?

गच्ची_ते_गगन
शुक्र सध्या सूर्यापासून ४० अंशांच्या पुढे आहे. १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) आहे. दुपारी मोबाइलचं अ‍ॅप दाखवतं त्या दिशेला बघितलं तर नुसतं निळं आकाश. चूक कुठे होतेय? आणि स्पेस स्टेशन दिवसा दिसतं का?

मृगशीर्ष
बहुतेक वेळा फोकस चुकलेला असतो. कोऱ्या निळ्या आकाशात नजरेला टेकायला काहीच नसतं, त्यामुळे ती आपोआप एक-दोन मीटरवर येऊन थांबते आणि शुक्राचा ठिपका विरून जातो. रात्री एखाद्या ताऱ्यावर फोकस नीट करा, चाकावर चिकटपट्टीची खूण करा आणि दिवसा ती हलवू नका. नुसत्या डोळ्यांनी बघताना आधी लांबच्या ढगाची कड किंवा डोंगर बघा, मग लगेच वर.

दुसरं, दिशा. स्लॅबमधल्या सळयांजवळ मोबाइलचं होकायंत्र १०-१५ अंश सहज चुकतं, आणि तुमच्या द्विनेत्रीत जेमतेम साडेसहा अंश आकाश मावतं. त्यापेक्षा शुक्र मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येण्याची वेळ आणि तेव्हाची उंची अ‍ॅपमधून घ्या. उत्तर-दक्षिण रेषा आदल्या रात्री ध्रुवावरून आखून ठेवा. उंची मोजायला कंपासपेटीतला कोनमापक, दोरा आणि टोकाला एक नट पुरतो. एकदा सापडला की त्याच जागेवरून टाकीचा कोपरा किंवा अँटेना धरून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो जवळपास तिथेच असतो.

सावली_शोधा
थांबा, सूर्यापासून डोळे आधी सांभाळा. भिंतीच्या सावलीत उभं राहायचंच, पण कुठल्या भिंतीच्या ते महत्त्वाचं. संध्याकाळचा शुक्र सूर्याच्या पूर्वेला असतो. सूर्य भिंतीच्या पूर्वेकडच्या कडेमागे नुकताच गेला असेल, तर तो आणखी आत सरकतो. हे सुरक्षित. पहाटेचा शुक्र मात्र पश्चिमेला असतो आणि सूर्य भिंतीआडून त्याच बाजूला बाहेर येतो! द्विनेत्री डोळ्याला असताना असं झालं तर डोळा कायमचा जाऊ शकतो. तेव्हा सावलीत खोल उभे राहा आणि दर दोन-तीन मिनिटांनी सावलीची कड तपासा.

गच्ची_ते_गगन
अ‍ॅपशिवाय शुक्राचं सूर्यापासूनचं अंतर कसं काढायचं?

मृगशीर्ष
पंचांगातल्या रवी आणि शुक्राच्या राशी-अंशांची वजाबाकी करा. साधारण अंतर मिळतं. हात ताठ केला की मूठ १० अंश, ताणलेली वीत २०. म्हणजे ४० अंश दोन विती. शुक्रास्ताच्या काळात, म्हणजे शुक्र सूर्याच्या फार जवळ असताना, प्रयत्न नकोच. चंद्रकोर शेजारी असेल तो दिवस सोडू नका, फोकस आणि दिशा दोन्ही फुकट मिळतात. हवा पावसाळ्यानंतर धुतलेली असते तेव्हा सर्वांत चांगली. एप्रिल-मेच्या धुरकट आकाशात शुक्र बुडतो.

कक्षा_४२०
स्पेस स्टेशन दिसतं, पण नुसत्या डोळ्यांनी फार अवघड. हेवन्स-अबव्ह या वेबसाइटवर फक्त रात्रीचे नाही, सगळे पासेस (स्टेशन आपल्या आकाशातून जाण्याच्या वेळा) दाखवायला सांगा. ७० अंशांच्या वर जाणारा आणि सूर्य क्षितिजाच्या थोडाच वर असतानाचा पास निवडा. डोक्यावर ते सेकंदाला सुमारे १ अंश सरकतं, म्हणजे द्विनेत्रीत सहा-सात सेकंदच. पाठलाग करू नका. मार्गावरचा एक बिंदू धरून वाट बघा. वेळापत्रक त्याच दिवशी काढा, आठवड्यापूर्वीचं कित्येक सेकंदांनी चुकतं. भरदिवसा चमकणाऱ्या इरिडियम उपग्रहांच्या जुन्या याद्या अजून फिरतात; त्यातले बरेचसे उपग्रह खाली आणले गेलेत, त्यांच्या मागे लागू नका.