किल्ल्याच्या कमानीखाली लोंबणाऱ्या पांढऱ्या नळ्या: वर चुनखडी आहे का?

डोंगरवाट
सह्याद्रीतल्या एका किल्ल्याच्या दरवाजाच्या कमानीखाली वीतभर लांबीच्या पांढऱ्या, पोकळ नळ्या लोंबतात. टोकाला थेंब असतो. आंध्र प्रदेशातल्या बेलुमच्या चुनखडीच्या गुहेत छतातून लोंबणाऱ्या अधोमुखी लवणस्तंभांसारख्याच दिसतात. कमानीच्या वर चुनखडीचा थर असेल का? नसेल, तर सह्याद्रीत बेलुम किंवा आंध्रातल्याच बोऱ्यासारख्या गुहा का नाहीत? पाऊस तर इथे बेलुमच्या कितीतरी पट पडतो.

काळाकातळ
थर नाही, दगडांच्या सांध्यांत भरलेला चुना आहे. गुहेत आणि कमानीत, दोन्हीकडे साचतं ते कॅल्साइटच, म्हणजे चुनखडी ज्याची बनते ते खनिज, पण प्रक्रिया उलटी.

गुहेवरच्या मातीत मुळं आणि जिवाणू श्वास घेतात, त्यामुळे तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड एक टक्का किंवा त्याहून जास्त असतो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्का. मातीतून झिरपणारं पाणी हा वायू पिऊन सौम्य आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवतं. शुद्ध पाण्यात लिटरमागे जेमतेम १४ मिलिग्रॅम कॅल्साइट विरघळतं, मातीतून आलेल्या पाण्यात दीडशेच्या वर. हे पाणी गुहेच्या छतातून उतरलं की जास्तीचा वायू हवेत निघून जातो आणि तितकं कॅल्साइट थेंबाच्या कडेला कड्यासारखं साचतं. कडीवर कडी, म्हणून नळी पोकळ, आणि जाडी थेंबाएवढी, साधारण ५ मिलिमीटर. ‘पाणी वाळून क्षार उरतो’ असं सर्रास सांगतात, पण गुहेतली हवा दमट असते, तिथे वाळणं फारसं होतच नाही. ‘लवणस्तंभ’ या शब्दानेही घोळ होतो; त्यात मीठ नसतं.

कमानीत मात्र पाणी विरलेला चुना घेऊन खाली येतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. गुहेत वायू बाहेर जातो, इथे आत येतो. म्हणून या नळ्या वर्षाला काही सेंटीमीटरही वाढतात. गुहेतल्या स्तंभाची वाढ बहुधा वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास.

खडीवाला
थोडी दुरुस्ती. शेकडो वर्षांपूर्वीचा चुना बहुतेक मुरून परत कॅल्साइट झालेला असतो. तिथून झिरपणारं पाणी गुहेतल्यासारखंच वागतं, नळ्या सावकाश वाढतात. नळी दरवर्षी लांबलेली दिसत असेल तर वर अलीकडची सिमेंटची डागडुजी शोधा. फ्लायओव्हरखाली लोंबतात त्या याच जातीच्या.

ओळखायला हळद पुरते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या टिपकागदावर नळीच्या टोकाचा ताजा थेंब घ्या. हळदीत चुना घातल्यावर कुंकू होतं तसा लाल डाग पडला तर ताज्या सिमेंटचं पाणी, त्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप; ७ म्हणजे उदासीन, वर अल्कधर्मी) ११-१२ पर्यंत असतो. गुहेतल्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास, त्याने कागद पिवळाच राहतो. खाली साचलेलं पाणी घेऊ नका. हवा लागून त्याचा पीएच उतरलेला असतो आणि चाचणी फसते.

काळाकातळ
मान्य, हे राहिलं होतं.

आता गुहांचं. सह्याद्री बेसॉल्टचा. तो पावसात विरघळून वाहून जात नाही, कुजून माती होते आणि ती माती भेगा बुजवते. चुनखडीत उलट: भेग रुंदावली की जास्त पाणी, जास्त पाणी की आणखी रुंद. म्हणून पाऊस एकटा पुरत नाही. बेलुम आज कोरड्या भागात आहे, तरी तिथे ३,२२९ मीटर गुहा मोजली गेली आहे. सपाट चुनखडीतल्या भेगांतून भूगर्भातल्या प्रवाहाने ती कोरली, आणि आत शिरायची वाट म्हणजे वरून खचलेले खड्डे. चुनखडी आणि पाऊस दोन्ही भरपूर हवे असतील तर मेघालयात बघा. लिआत प्राह ही गुहा ३० किलोमीटरच्या वर आहे. तिथल्याच मॉमलुह गुहेतल्या ऊर्ध्वमुखी (जमिनीवरून वर वाढणाऱ्या) स्तंभावरूनच २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हा ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेला भूवैज्ञानिक कालखंड ठरला.

आपल्याकडच्या घळी वेगळ्या: कठीण बेसॉल्टखालचा मऊ थर झिजतो आणि वरचा कातळ छपरासारखा उरतो.

पैनगंगा
महाराष्ट्रात चुनखडीच नाही असा समज होऊ नये. चंद्रपूर-यवतमाळकडे आहे, सिमेंट कारखाने त्यावरच चालतात. पण बराचसा भाग सपाट आणि थरांत मातकट शेल, म्हणजे चिखलाचा बनलेला पापुद्र्यांचा खडक. पाण्याला वेगाने खाली उतरायला उतार मिळत नाही, शेलची माती भेगेत बसते. पूर्वेला बस्तरच्या कांगेर खोऱ्यात कोटमसर गुहा आहे. पावसाळ्यात पाणी भरतं म्हणून बंद असते.

डोंगरवाट
बेसॉल्टच्या पोकळ्यांतही पांढरे स्फटिक असतात. ते कॅल्साइट की झिओलाइट (बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणारी दुसरी खनिजं)?

खडीवाला
खाली पडलेल्या तुकड्यावर १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. तीन भाग पाण्यात एक भाग तीव्र आम्ल, आणि आम्लच पाण्यात ओतायचं. उलट केलंत तर उकळून अंगावर उडतं. लगेच फसफसलं तर कॅल्साइट. नाही फसफसलं तर झिओलाइट किंवा क्वार्ट्झ. चाकूने ओरखडा उठला नाही तर क्वार्ट्झ. घरचं व्हिनेगर चालतं, पण बुडबुडे बारीक येतात, भिंग लागतं. किल्ल्याच्या भिंतीवर किंवा गुहेत आम्ल अजिबात नको. नळीला बोटही लावू नका: हाताच्या तेलाने पाणी धरत नाही, तिथली वाढ थांबते आणि काळा डाग कायमचा राहतो.