हिमस्खलनाचा इशारा आला की ट्रेक सरसकट बंद करावेत का?

वाटाड्या:
२८ फेब्रुवारी २०२५ ला उत्तराखंडात माणा गावाजवळ रस्त्याच्या कामगारांच्या छावणीवर हिमकडा कोसळला. ५४ जण अडकले, ८ जण गेले. चंडीगडच्या डीजीआरईने (हिमस्खलनाचा अंदाज देणारी संरक्षण खात्याची संस्था) आदल्याच संध्याकाळी २४०० मीटरच्या वरच्या भागासाठी इशारा दिला होता. इशारा आला की वनखात्याच्या चौकीवरूनच ट्रेकर्सना मागे पाठवावं, असं माझं मत. महिनाभर आधी रजा टाकून पुण्या-मुंबईहून गेलेला माणूस आपणहून माघारी फिरत नाही.

हिमरेषा:
नाही पटलं. इशारा अख्ख्या जिल्ह्याला असतो, बर्फ सुटतो एका उतारावर. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. उत्तराखंडातल्या केदारकंठा ट्रेकची जंगलातली वाट आणि उघड्या नाळेखालची (डोंगरउतारावरच्या घळीखालची) वाट एकाच तराजूत कशी तोलणार? शिवाय बंदीची सवय लागली की इशारा नसेल तेव्हा लोक बिनधास्त होतात, आणि मला भीती त्याचीच वाटते. वारा बर्फ उडवून डोंगराच्या धारेच्या आडोशाच्या बाजूला रचतो. वरून तो टणक, आत मात्र भुसभुशीत थर. पाय टाकल्यावर ‘धप्प’ आवाज येऊन आजूबाजूचा बर्फ खचला, बुटापासून चीर पळाली, की तिथूनच परतायचं. ऊन पडलेलं असलं तरीही. हे शिकवा ना आधी!

वाटाड्या:
शिकलेल्यांचं काय झालं? ४ ऑक्टोबर २०२२, उत्तराखंडातलं द्रौपदी का डांडा-२ शिखर, तिथलं हिमस्खलन. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी, सोबत प्रशिक्षक. २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. तिथे हे झालं, तर पहिल्यांदाच बर्फ बघणारी आपली बॅच कुठला थर ओळखणार?

खिंडीपल्याड:
दोघांनाही एक विचारते. गाडला गेलेला माणूस वाचतो तो पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. बाहेरची मदत तोवर पोचत नाही, काढायचं सोबत्यांनीच. किती बॅचेसमध्ये प्रत्येकाकडे बीकन (गाडल्यावर जागा कळवणारं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं असतं? मी गेले त्या बॅचमध्ये कुणाकडेच नव्हतं.

हिमरेषा:
शंभर टक्के मान्य. पण बीकन आहे म्हणून वाईट उतारावर जाऊ नये, हेही त्याच दमात सांगायला हवं.

वाटाड्या:
बंदीवर मी ठाम आहे. निदान एवढं तरी करा: पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा, इशारा आला तर तारीख बदलून देणार का? लेखी घ्या. पैसे बुडणार नसतील तर माघारी फिरणं पुष्कळ सोपं जातं.