'एलओसी कारगिल': सव्वाचार तास चढलो, पोचलो कुठे?

देवळालीकर:
परवा कारगिल दिनाला टीव्हीवर 'एलओसी कारगिल' लागला होता. २००३ मध्ये नाशिकरोडला थेटरात पाहिला तेव्हाच कंटाळलो होतो, पण बोलायची सोय नव्हती; मित्रांनी देशद्रोही ठरवलं असतं. आता बोलतो. सिनेमा साफ फसलाय.

वडील तोफखान्यातले, देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत शिकवून रिटायर झालेले. तासाभरानं म्हणाले, "आता कुठल्या डोंगरावर आहेत रे हे?" मला सांगता येईना. मग स्वतःच उठले, लाटणं आणून टेबलावर आडवं ठेवलं: हा श्रीनगर-लेह रस्ता. मिठाची बरणी म्हणजे तोलोलिंग, पलीकडे कुकर म्हणजे टायगर हिल. बरणीवर बसलेल्याला लाटण्यावरचा ट्रक न् ट्रक दिसतो, म्हणून आधी बरणी घ्यायची. दोन मिनिटांत कळलं. सिनेमात नुसती चढाई, गोळीबार, झेंडा, की पुन्हा चढाई. कोण कुठून चढतोय तेच समजत नसेल तर जीव टांगणीला लागणार कसा?

गोदाकाठचा:
असहमत. सिनेमा आहे, भूगोलाचा तास नाही. मनोज पांडे, अनुज नय्यर, योगेंद्र यादव ही नावं आमच्या घरात या सिनेमामुळे कळली. दिग्दर्शक जे. पी. दत्तांनी पलटणींची खरी नावं ठेवली, लडाखमध्ये जाऊन शूटिंग केलं. तुम्हाला काय, स्टुडिओत बर्फ उडवून दाखवायला हवा होता का?

तिखटजाळ:
मध्यंतरात बाहेर जाऊन मिसळ खाऊन आलो होतो. परत आलो तर तोच खडक, तेच लोक.

देवळालीकर:
@गोदाकाठचा, नावं कळली, माणसं कळली का? अजय देवगण, सैफ, अभिषेक, मनोज वाजपेयी, सगळे ओळखीचे, तरी हेल्मेट चढलं की कोण कुठला ते शोधावं लागतं. श्रद्धांजली म्हणून सगळ्यांना घेतलं आणि हजेरीपट झाला. याच दत्तांचा 'बॉर्डर' आठवा. एक ठाणं, एक रात्र, सव्वाशेच्या आत-बाहेर जवान. हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हतं, म्हणून उजाडेपर्यंत तग धरायचा. घड्याळ गोष्टीतच होतं!

गोदाकाठचा:
बरं झालं तुम्हीच 'बॉर्डर' काढलात. तो ज्यावर बेतलाय त्या १९७१ च्या लोंगेवालाच्या खऱ्या लढाईत आपले २ जवान गेले. पडद्यावर किती मारले ते मोजा. रंगवण्यासाठी खोटं चालतं, आणि खरं दाखवलं की कंटाळा?

देवळालीकर:
हा मुद्दा मान्य. पण खऱ्यातही काय कमी ताण होता? कारगिलात आपल्या तोफांनी सुमारे २.५ लाख गोळे टाकले. वडील सांगतात, आपलं पायदळ शिखराजवळ आलं की मारा पुढे सरकवायचा. घाई केली तर शत्रू डोकं वर काढतो, उशीर केला तर आपलाच गोळा आपल्या पोरांवर. ती दोन-चार मिनिटं नीट दाखवली असती तर एकही डायलॉग लागला नसता. २०२२ मध्ये तिथल्या पॉइंट ५१४० या शिखराचं नाव 'गन हिल' ठेवलं ते उगाच नाही. इथे तोफा म्हणजे नुसता मागचा आवाज.

भगूरची_लेक:
तुम्हा दोघांच्या भांडणात घरच्यांचे प्रसंग राहिलेच. लढाई चालू असताना मध्येच बायका, पत्रं, गाणी येतात म्हणून सगळे नावं ठेवतात. माझा भाऊ तेव्हा द्रासला होता. पत्र हातात पडायचं ते पंधरा दिवसांपूर्वीचं. वहिनी तारीख बघायची, मग टीव्हीवरच्या बातम्यांची तारीख, आणि बोटांवर काहीतरी मोजत बसायची. पत्रात "मी ठीक आहे" असलं तरी ते पंधरा दिवसांपूर्वीचं ठीक. मला तरी या सिनेमात पटलं ते तेवढंच.

देवळालीकर:
ताई, हे मला सुचलं नव्हतं. वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, त्यांच्या टेबलावर बरणी होती, कुकर होता, घर कुठेच नव्हतं.

तिखटजाळ:
लाटणं परत दिलं का काकूंना?